सातपुड्याची फेरी: पेंच, तामिया, पचमढी, मढई, घरच्या गाडीने

घरात एकाला जंगल बघायचं असतं, दुसऱ्याला थंड हवेचं ठिकाण हवं असतं, आजी-आजोबांना जाता जाता एखादं देवस्थान झालं तर बरं वाटतं आणि मुलांना पाण्यात खेळायचं असतं. सुट्टी मात्र सगळ्यांची मिळून एकच. नागपूरच्या उत्तरेला सातपुड्यात हे सगळं एका गोल फेरीत बसतं: पेंच, मग शिवनी-छिंदवाड्याहून तामिया आणि पाताळकोट, पुढे पचमढी, तिथून सातपुडा राष्ट्रीय उद्यानाची मढईची बाजू आणि बैतुल-मुलताईमार्गे परत नागपूर. फिरणं धरून साडेआठशे ते हजार किलोमीटर, सात रात्री. पाच रात्रीतही होते, पण मग घरातलं कोणी ना कोणी रुसून परत येतं.

पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण ही फेरी वाघाभोवती आखतात. प्रत्येक मुक्कामी दोन-दोन सफाऱ्या, रोज पहाटे चारला उठणं, दुपारी गाडी चालवणं. तिसऱ्या दिवशी मुलं सफारीच्या उघड्या जिप्सीत झोपतात आणि वाघ दिसला नाही की सगळी सहल फुकट गेल्यासारखी वाटते. माझं म्हणणं उलटं आहे: या फेरीतला खरा ऐवज दोन उद्यानांच्या मधल्या रस्त्यात आहे. सफाऱ्या मोजक्या ठेवा, दिवस रस्त्याला द्या.

महिना ठरवणं

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश, दोन्ही राज्यांत उद्यानांचा गाभा, म्हणजे कोअर, साधारण १ ऑक्टोबरला उघडतो आणि जूनअखेर बंद होतो. पावसाळ्यात बफरचे, म्हणजे गाभ्याभोवतालच्या जंगलाचे, काही दरवाजे चालू असतात, पण फेरीचा जीव कोअरमध्ये आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जंगल हिरवंगार असतं, धबधबे वाहते असतात, सीताफळं रस्त्यावर विकायला येतात. गवत मात्र उंच असतं, त्यामुळे जनावर दहा फुटांवर असूनही दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ, उन्हं छान, पण उघड्या जिप्सीतली पहाट बोचरी असते आणि नाताळच्या आठवड्यात पचमढीत गाडी लावायला जागा मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात, जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात, वाघ दिसण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त. पण पेंचचा पारा चाळिशीच्या वर असतो. पाच वर्षांचं मूल आणि सत्तरीचे आजोबा बरोबर असतील तर हा महिना नको.

मला विचाराल तर दिवाळीची गर्दी ओसरल्यावरचा नोव्हेंबर, नाहीतर फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चची सुरुवात. मार्चमध्ये पळस फुललेला असतो आणि महिना संपता संपता मोह गळायला लागतो. पहाटे गावातली माणसं झाडाखाली फुलं वेचताना दिसतात.

एक तारीख मात्र पंचांग उघडून बघाच: महाशिवरात्र. विदर्भातून हजारो लोक महादेवाच्या यात्रेला पचमढीला जातात, खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. श्रावणात नागपंचमीला नागद्वारीची यात्रा भरते, तेव्हाही तसंच. यात्रेसाठीच जाणार असाल तर उत्तम. निवांत सहलीसाठी जाणार असाल तर ते आठवडे सोडा. त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि घाटाच्या पायथ्याच्या मटकुलीपासूनच गाड्यांची रांग लागते.

आधी सफारी, मग खोली, मग रस्ता

हा क्रम उलटा झाला की पैसे बुडतात. खोली कुठेही मिळते, कोअरचं परमिट मिळत नाही. शनिवार-रविवार आणि सणासुदीची परमिटं फार आधी संपतात, म्हणून तारखा सफारीप्रमाणे हलवा. फेरीतला पेंचचा भाग सोमवार ते गुरुवारात बसवता आला तर निम्मं काम झालं.

पेंच दोन राज्यांत पसरलेलं आहे. महाराष्ट्राच्या बाजूला सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली हे दरवाजे. मध्य प्रदेशच्या बाजूला टुरिया, कर्माझिरी आणि छिंदवाड्याकडून जमतरा. दोन्ही राज्यांची ऑनलाइन बुकिंगची व्यवस्था वेगवेगळी आहे. एकीकडे खातं उघडलं म्हणून दुसरीकडे चालत नाही. मध्य प्रदेशातल्या उद्यानांत बुधवारी दुपारची फेरी बंद असते आणि होळीला उद्यान बंद असतं. महाराष्ट्राच्या बाजूला सुट्टीचा वार निराळा असू शकतो, तो बुकिंगच्या पानावर बघून घ्या.

टुरियाला सर्वांत जास्त हॉटेलं आणि सर्वांत जास्त जिप्सी. कर्माझिरी शांत आहे, पण तिथवरचा रस्ता लांबचा. सिल्लारी नागपूरहून सत्तरेक किलोमीटर. लहान मुलं असतील तर पहिल्या दिवसाला हे सोयीचं.

परमिट काढताना ओळखपत्राचा जो नंबर टाकाल तेच मूळ ओळखपत्र दरवाजावर दाखवावं लागतं. आधारवर नाव 'रामचंद्र' आणि परमिटवर 'राम' असं झालं की दरवाजावर हुज्जत घालण्यात पहिला तास जातो, आणि जंगलातला पहिला तासच मोलाचा असतो. परमिट म्हणजे फक्त प्रवेश. जिप्सीचं भाडं आणि गाईडचे पैसे निराळे, ते बहुधा दरवाजावर रोख द्यावे लागतात. एका जिप्सीत ड्रायव्हर आणि गाईड सोडून सहा जण बसतात. कुटुंब चौघांचं असेल तरी अख्खी जिप्सी घ्या. अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसलेलं मूल तासाभरात कुरकुरायला लागतं.

कोअरमध्ये मोबाईल वापरायला बंदी आहे. फोटो काढायचे तर साधा कॅमेरा न्या. त्याहून कामाची वस्तू म्हणजे दुर्बीण: ८×४२ चांगली, मुलांच्या हाताला ८×३० हलकी पडते. आकडा मोठा म्हणून १२ किंवा २० पटीची घेऊ नका; हलत्या जिप्सीत त्यातून काहीच स्थिर दिसत नाही.

सात रात्रींत सफाऱ्या किती? पेंचला सकाळची एक, मढईला एक. फार हौस असेल तर पेंचला दुपारची आणखी एक. त्यापुढे नको.

गाडी

मोठी एसयूव्ही लागत नाही. फेरीतले मुख्य रस्ते डांबरी आणि बऱ्यापैकी आहेत; पाताळकोटच्या आसपास आणि मढईच्या शेवटच्या टप्प्यात अरुंद होतात, एवढंच. जंगलात तुमची गाडी जातच नाही. पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा बसतील, आणि चढावर एसी चालू ठेवून दम लागणार नाही, एवढी गाडी पुरे. इलेक्ट्रिक गाडी नागपूर-शिवनी महामार्गावर ठीक, पण तामिया-पचमढीच्या पट्ट्यात चार्जरच्या भरवशावर राहू नका. सीएनजी गाडी असेल तर पेट्रोलची टाकी भरून निघा.

पुण्या-मुंबईचे लोक समृद्धी महामार्गाने नागपूर गाठू शकतात. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मात्र सरळसोट सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास एका वेगाने गाडी पळवली की टायर तापतात आणि चालवणाऱ्याला डुलकी लागते. जुने टायर असतील तर आधी बदला. नागपुरात पोहोचलात की एक रात्र झोप काढा. त्याच दिवशी पेंच गाठायचा पराक्रम नको. रेल्वेने नागपूर गाठून तिथे गाडी भाड्याने घेणं अनेकदा स्वस्त पडतं आणि पाठही वाचते. ड्रायव्हरसकट टॅक्सी घेतलीत तर मध्य प्रदेशचा परवाना आणि कर कोण भरणार, हे निघण्याआधी लिहून घ्या.

निघण्याआधी ब्रेक, वायपर, स्टेपनी आणि जॅक तपासा. फोनमध्ये या भागाचे नकाशे उतरवून ठेवा, कारण तामियाच्या पुढे देलाखारीच्या आसपास आणि पाताळकोटात रेंज जाते. रेंज नाही म्हणजे यूपीआय नाही. रोख रक्कम नागपूर किंवा छिंदवाड्यातच काढा. अँब्युलन्ससाठी १०८ दोन्ही राज्यांत चालतो, राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३.

आणि नियम एकच: चाकं सूर्यास्ताला थांबली पाहिजेत. या भागात अंधार पडल्यावर रस्त्यावर गुरं असतात, बिनदिव्याचे ट्रॅक्टर असतात, चितळ-सांबर आडवे येतात. नीलगाय काचेवर आली तर गाडीचं आणि नीलगायीचं, दोघांचंही संपतं.

पहिला टप्पा: नागपूर ते पेंच, दोन रात्री

सकाळी तर्री-पोहे खाऊन निघा. मनसर ओलांडलं की राष्ट्रीय महामार्ग ४४ जंगलात शिरतो. मनसर ते खवासा या भागात रस्ता वर उचलून खाली जनावरांसाठी वाटा ठेवल्या आहेत: असे नऊ मार्ग, काही ५० मीटर रुंद, तर एक तब्बल ७५० मीटर. खालून वाघ, रानकुत्रे, गवे ये-जा करतात हे तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत टिपलं गेलं आहे. वरून तुम्हाला काहीही दिसणार नाही आणि दिसावं म्हणून थांबूही नका. मागून ट्रक ऐंशीने येत असतो. मुलांना मात्र आधी सांगून ठेवा, की आता आपल्या गाडीखालून कदाचित वाघ चाललाय. पुढची दहा मिनिटं गाडीत शांतता असते.

पहिल्या दिवशी सफारी ठेवू नका. दुपारी पोहोचा, जेवा, झोपा. थंडीतली अमावास्येजवळची रात्र असेल तर आकाश बघा. महाराष्ट्रातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. वाघोली आणि आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे त्यासाठी बदलून खाली वळवले गेले. शहरात वाढलेल्या मुलांनी आकाशगंगा पाहिलेलीच नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळची सफारी. थंडीत जाड जाकिटावर आणखी एक शाल किंवा कांबळं घ्या, कानटोपी घ्या. सूर्य वर आला की एकेक थर उतरवा. कपडे मातकट किंवा हिरवट. पांढरे आणि भडक नकोत. अत्तर, परफ्यूम नको. ज्यांची पाठ दुखते त्यांना पुढच्या ओळीत बसवा, मागची ओळ सर्वांत जास्त आदळते. निघण्याआधी सगळ्यांनी शौचाला जाऊन या, कारण आत उतरायची परवानगी ठरावीक ठिकाणीच असते.

गाईडला सुरुवातीलाच सांगा: "वाघामागे पळवू नका, आम्हाला जंगल दाखवा." यानं दोन गोष्टी होतात. जिप्सी हळू चालते, आणि गाईड बोलायला लागतो. चितळाचा इशारा कसा, सांबराचा कसा, वानर झाडावरून खोकल्यासारखं का ओरडतं, हे कळलं की मुलं स्वतःच कान टवकारतात. पेंचमध्ये कांडोळाची झाडं जागोजागी आहेत, पांढऱ्या सालीची, पानं गळाली की चांदण्यात भुतासारखी उभी. रानकुत्र्यांची टोळी दिसली तर नशीब समजा. अनेक जंगलं हिंडलेले लोक वाघापेक्षा तिच्यावर जास्त खूश होतात.

दुसरा टप्पा: शिवनी, छिंदवाडा, तामिया

टुरियाहून तामियापर्यंत अंदाजे पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर. नाश्ता करून नऊला निघा. छिंदवाड्यात जेवण, पेट्रोल, औषधं, रोख रक्कम. पुढे एवढं मोठं गाव नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही इथेच आहे, त्यामुळे कोणाला बारीकसारीक त्रास होत असेल तर इथेच दाखवून घ्या. छिंदवाडा मक्यासाठी प्रसिद्ध आहे. हंगामात रस्त्याकडेला भाजलेली कणसं मिळतात.

परासियाला कोळशाच्या खाणी लागतात. धूळ, डंपर, काळे ढिगारे. काचा वर करून पुढे चला. मात्र बाहेर बघत राहा. हा कोळसा आणि पुढे पचमढीला लागणारे तांबूस वालुकाश्माचे कडे गोंडवन नावाच्या एकाच खडकांच्या चळतीतले, कोळसा खालच्या थरांत, कडे वरच्या. सह्याद्रीत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना काळ्या बेसॉल्टच्या पायऱ्यांची सवय असते. इथे डोंगर वेगळा उभा राहतो: सरळ भिंती, अरुंद खोल घळी, गोल घासलेले माथे.

तामिया हे छोटं गाव आहे. बघण्याची वस्तू म्हणजे कड्यावरून दिसणारी दरी आणि तिच्यात मावळणारा सूर्य. खोल्या मोजक्याच आहेत, म्हणून इथलं बुकिंग सफारीनंतर लगेच करा. लोक तामियाला चहापुरतं थांबून पचमढी गाठतात. मी मात्र एक रात्र इथेच काढायला सांगेन. पचमढीची गर्दी अजून सुरू झालेली नसते आणि सकाळी दरीत ढग भरलेले असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाताळकोट. घोड्याच्या नालेसारखी ही दरी माथ्यापासून बाराशे फुटांहून खोल आहे आणि तिच्या तळाशी भारिया आणि गोंड लोकांची गावं आहेत. रातेडच्या बाजूने वरून पूर्ण दरी दिसते. बहुतेक कुटुंबांना तेवढंच पुरे. खाली उतरायचं असेल तर गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्या, त्याचे पैसे आधी ठरवा आणि वर चढायला दुप्पट वेळ लागतो हे धरून चला. लोकांच्या घरात डोकावून फोटो काढू नका. जडीबुटी विकणारे भेटतील. विकत घेणं ठीक, पण मुलांना पाजण्याचे प्रयोग नकोत. कोदो-कुटकी ही भरडधान्यं मात्र जरूर घ्या, कोदोचा भात घरी करून बघा.

मग देलाखारी. इथून पुढे सालाची झाडं सुरू होतात. आपल्याकडच्या सागाच्या जंगलातून आलेल्या माणसाला फरक लगेच जाणवतो: साग फेब्रुवारीपासून उघडा पडतो, साल वर्षभर हिरवा. रस्ता वळणावळणाचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा, पोटात थोडं कोरडं काहीतरी असू द्या, फोनमध्ये डोकं घालू देऊ नका, आणि डॉक्टरांना विचारून आणलेली गोळी घाट लागण्याआधी अर्धा तास द्या. ओकारी झाल्यावर गोळी देऊन उपयोग नसतो.

मटकुलीनंतर पचमढीचा घाट. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, वळणावर हॉर्न द्यायचा, ओव्हरटेक करायचं नाही. परत उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापून धरेनासे होतात. ऑटोमॅटिक गाडी असेल तर तिचा लो किंवा मॅन्युअल मोड कसा लावायचा, हे घरूनच शिकून या.

तिसरा टप्पा: पचमढी, तीन रात्री

हे छावणीचं गाव आहे, साधारण १,०६७ मीटर उंचीवर. रस्ते रुंद, झाडं मोठी, जुने बंगले. पोहोचलात त्या दिवशी काही करू नका. तळ्याकाठी फिरा, मुलांना सायकल भाड्याने घेऊन द्या.

दुसऱ्या सकाळी पहिलं काम: बायसन लॉज. कॅप्टन फोर्सिथने १८६२ मध्ये बांधलेली ही इमारत आता वनखात्याचं संग्रहालय आहे आणि जंगल हद्दीतल्या ठिकाणांची परवानगी इथे मिळते. धूपगड शिखर, बी फॉल धबधबा यांसारख्या ठिकाणी स्वतःची गाडी नेता येत नाही; नोंदणी असलेली जिप्सी दिवसाच्या भाड्यावर घ्यावी लागते. जिप्सीवाला "सगळे पॉइंट" एका दिवसात दाखवतो म्हणेल. त्याला नम्रपणे नाही म्हणा आणि निम्मे निवडा.

निवड कशी करायची? गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील तर पांडव लेणी खालच्या बागेतून बघा, हांडी खोह ही दरी वरून बघा आणि संध्याकाळी धूपगड. धूपगड १,३५२ मीटर, सातपुड्यातलं आणि मध्य प्रदेशातलं सर्वांत उंच शिखर. कळसूबाईहून सुमारे तीनशे मीटर कमी, पण जिप्सी थेट माथ्यापर्यंत जाते. सूर्यास्ताला गर्दी मोठी असते, म्हणून तासभर आधी पोहोचा आणि सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटं थांबा. सगळ्या जिप्सी एकदम उतरतात तेव्हा त्या रांगेत नसणं बरं. स्वेटर न्या.

मुलं आणि तरुण मंडळींसाठी अप्सरा विहार आणि बी फॉल. अप्सरा विहारचं पाणी उथळ डोहाचं, मुलांना सोसणारं. तिथूनच पुढे रजत प्रपाताचा कडा दिसतो. बी फॉलला बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात आणि त्याच परत चढाव्या लागतात. पावसाळ्यानंतर खडक शेवाळलेले असतात, म्हणून रबरी तळाचे बूट घाला. चपला घालून कोणी ना कोणी पडतंच.

जटाशंकर आणि बडा महादेव ही दोन्ही ठिकाणं गुहेतली. गुप्त महादेवची कपार इतकी अरुंद आहे की आत ठरावीक माणसं सोडतात. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी बाहेरूनच हात जोडावेत. चौरागडला हजाराहून जास्त पायऱ्या आहेत आणि माथ्यावर भाविकांनी वाहिलेल्या त्रिशुळांचे ढीग. विदर्भातल्या घरात महादेवाचा नवस असतोच कोणाचा तरी. चढायचं असेल तर पहाटे सुरुवात करा, पाणी जवळ ठेवा आणि बाकीचा दिवस मोकळा सोडा.

माकडांविषयी. पिशवीचा आवाज आला की ती येतात, हातातलं हिसकतात, ओरबाडतातही. खायला घालू नका, खाण्याचं काही हातात घेऊन फिरू नका, गाडीची काच उघडी ठेवू नका. ओरखडा उठला तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी रुग्णालय गाठा.

तिसरा दिवस पूर्ण रिकामा ठेवा. पाऊस, धुकं, कोणाचं तरी पोट, काहीतरी होतंच. झालं नाही तर पत्ते खेळा.

चौथा टप्पा: मढई, एक रात्र

पचमढी उतरून पिपरिया, सोहागपूर आणि तिथून मढई, सगळं मिळून नव्वदेक किलोमीटर. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये झालं. तवा धरणाच्या फुगवट्यामुळे इथे देनवा नदी तळ्यासारखी पसरली आहे. बोटीने ती ओलांडायची आणि पलीकडे उभ्या जिप्सीत बसायचं, अशी इथली सफारी. बोटीतून उतरताना ज्येष्ठांना हात द्या.

इथे वाघ कमी दिसतो, हे आधीच घरात जाहीर करून टाका. त्या बदल्यात अस्वल दिसण्याची शक्यता चांगली, गव्यांचे मोठे कळप, आणि आपल्या राज्याचं मानचिन्ह असलेलं शेकरू. कान्हाहून आणलेले बारशिंगेही या उद्यानात सोडले आहेत. सातपुड्याचं वेगळेपण म्हणजे इथे पायी सफारी आणि नावेतून सफारीही करता येते. पायी सफारी मोठ्यांसाठी. तिथे वयाची अट आणि बुकिंग यांची चौकशी हॉटेलवाल्याकडून आधी करून घ्या. ज्येष्ठांना जिप्सीचे धक्के नको झाले असतील तर संध्याकाळची नाव उत्तम. हिवाळ्यात देनवाच्या पाण्यावर बदकं उतरलेली असतात.

परतीचा दिवस

मढई ते नागपूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर, इटारसी-बैतुलमार्गे. घरची मंडळी दमलेली असतात, म्हणून सकाळची सफारी करून त्याच दिवशी निघू नका. सफारी आदल्या दुपारी करा आणि सकाळी सातला गाडी काढा. इटारसीनंतर जंगल आणि बरेठा घाट लागतो, तिथे ट्रकांमागे संयम ठेवा. बैतुलला जेवण.

मुलताईत तापी उगम पावते. कुंड गावातच आहे, अर्धा तास पुरतो. वर्धेचा उगमही याच पठारावर. एकीचं पाणी पश्चिमेला खंभातच्या आखाताकडे, दुसरीचं प्राणहिता-गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे. मुलांच्या भूगोलाच्या वहीत हे लिहून घ्यायला लावा.

पांढुर्ण्याला पुन्हा मराठी पाट्या दिसायला लागतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. आंबिया बहराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारीनंतर. पेटी घ्यायची तर वरची फळं बघून घेऊ नका, खालच्या थरातलं एक काढून सोलून बघा. सावनेरनंतर नागपूरच्या बाजूला संध्याकाळची रहदारी वाढते. पाचच्या आत सावनेर ओलांडता आलं तर अंधाराआधी घरी.

ज्यांच्याकडे आणखी तीन दिवस आहेत ते बैतुलहून परतवाड्याकडे वळून चिखलदरा-मेळघाट जोडायचं म्हणतात. नकाशावर ते सोपं दिसतं. पण मेळघाटचे रस्ते सावकाश चालायचे आहेत, तिथली सफारीही वेगळ्या मिजाशीची, आणि आठव्या दिवशी गाडीत कोणालाच आणखी एक घाट नको असतो. मेळघाट अमरावतीहून निराळं करा, पावसाळा संपल्या संपल्या, गाविलगडावर गवत हिरवं असताना.